स्पॅनिश शिकवणाऱ्यांनी बोलायचा सराव कसा करावा

स्पॅनिश शिकवणाऱ्याची बोलण्याची स्पॅनिश हळूहळू आखडत जाते, आणि त्याला कारण वर्गच असतो. तिथे प्रश्न आपण विचारतो आणि उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. बोलणं बहुतेक वर्तमानकाळात नाहीतर आज्ञार्थात, तेही सावकाश, शब्द सुटे करून. मग एखादा स्पॅनिशभाषक भरभर काही विचारतो आणि क्रियापदांचे सगळे तक्ते पाठ असूनही जीभ अडते. अशा वेळी व्याकरणाचं पुस्तक पुन्हा काढून उपयोग नाही. सराव हवा तो उत्तरं देण्याचा, भूतकाळात बोलण्याचा आणि आधी न ठरवता बोलण्याचा.

सुरुवात फोनच्या रेकॉर्डरवर करा. विषय एकच: काल काय काय झालं. आधी 4 मिनिटं बोला, मग तेच 3 मिनिटांत, मग 2 मिनिटांत. कीथ मॉरिस यांनी 1983 मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात दर फेरीला नवा श्रोता घेऊन करायची असते, पण एकट्यालाही जमते. वेळ कमी होत गेला की अडखळणं आपोआप गळतं. कागदावर मात्र काही लिहून घेऊ नका. लिहिलंत की ते वाचन झालं. शेवटचं रेकॉर्डिंग ऐकून फक्त तीन चुका टिपा आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम तीच रूपं वापरा. दहा टिपल्यात तर एकही सुधारत नाही.

‘काल’ हा विषय निवडण्याचं कारण म्हणजे त्यात दोन्ही भूतकाळ लागतात. ‘फुई’ म्हणजे गेलो. ‘इबा’मध्ये ‘जात होतो’ आणि ‘जायचो’ दोन्ही मावतात. आपण इंग्रजीतून विचार करतो तिथे गडबड होते: इंग्रजीतल्या ‘वॉज गोइंग’च्या धर्तीवर जिथे तिथे ‘एस्ताबा’ (होतो) लावून क्रियापदाला ‘आंदो’ जोडलं जातं. मराठीतून गेलात तर वाट सोपी आहे. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे मला पुस्तक आवडतं, ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे मला पुस्तकं आवडतात. क्रियापद दोन्ही भाषांत आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं. ‘से मे कायो एल बासो’ची रचना तर ‘माझ्या हातून पेला पडला’ याच्या अगदी जवळची. दर वाक्याला ‘यो’ लावायची सवयही इंग्रजीचीच. मराठीत आपण ‘मी’ सहज गाळतो, तसाच तोही गाळावा.

उच्चारातही हेच. रोमन लिपीत टी दिसला की आपण ‘ट’ म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये तो सरळ ‘त’ आहे. दोन स्वरांमधला ‘द’ मऊ होतो, जीभ दातांना जेमतेम लागते. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात ‘अब्लादो’चं (बोललेलं) ‘अब्लाओ’ झालेलं सर्रास ऐकू येतं. ‘पेरो’मधला (म्हणजे ‘पण’) साधा र आणि कुत्र्यासाठीच्या शब्दातला घोळवलेला र हे वेगळे सांभाळा, नाहीतर अर्थच बदलतो.

ऐकण्यात अडचण शब्दांची कमी आणि जोडणीची जास्त असते. ‘के बास आ असेर’ (काय करणार आहेस) बोलताना ‘केबासासेर’ होतं. त्यासाठी 30 ते 40 सेकंदांचा संवाद घ्या, संहितेसह. दोनदा नुसता ऐका, एकदा संहिता पाहत ऐका, मग संहिता बाजूला ठेवून बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच चालीत बोला. एक तुकडा तीन-चार दिवस पुरवा. तुकडा मोठा घेतलात की नुसतं पुटपुटणं उरतं.

जोडीदार मिळाला तर अर्धा तास पुरे: 15 मिनिटं स्पॅनिश, 15 मिनिटं त्याला हवी ती भाषा. चुका मधेच न सांगता शेवटी सांगायला सांगा. इथे शिक्षकांची एक खास खोड उघडी पडते. समोरचा म्हणतो, माझं घर बदललं, आणि आपण ‘मुय ब्येन’ (फार छान) म्हणतो, जणू वही तपासतोय! त्याऐवजी ‘आ, सी?’ (हो का?), ‘इ एसो?’ (ते कसं काय?), ‘नो मे दिगास’ (काय सांगतोस!) तोंडात बसवा. विचार करायला वेळ हवा असेल तर ‘पुएस’ (तर), ‘आ बेर’ (बघू या) किंवा ‘एस के’ (म्हणजे असं की) म्हणा. गप्प राहिलात तर समोरचा वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतो. आणि ‘तिएनेस तिएम्पो?’ला (वेळ आहे का?) ‘सी, यो तेंगो तिएम्पो’ असं पूर्ण वाक्य देऊ नका, नुसतं ‘सी’ पुरतं. पूर्ण वाक्यांचा आग्रह विद्यार्थ्यांपुरता ठेवा.

बोली कोणती धरायची ते आधी ठरवा. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला ‘तुम्ही’ या अर्थी ‘बोसोत्रोस’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘उस्तेदेस’. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येतो आणि ‘तिएनेस’चं ‘तेनेस’ होतं. ‘आज जेवलो’ हे स्पेनमध्ये बहुतेक ‘ओय ए कोमिदो’, तर मेक्सिकोत ‘ओय कोमी’. स्पेनमध्ये बस पकडायला बिनधास्त वापरतात ते ‘कोहेर’ मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात अश्लील ठरतं, तिथे ‘तोमार’ म्हणावं. ऐकायचे तुकडे आणि जोडीदार शक्यतो एकाच बाजूचे निवडा, नाहीतर एकाच वाक्यात दोन्ही बोलींची सरमिसळ होते.