ठिपक्याला दुपारची झोप नसते

जेवणं उरकलेली, पेठ सुस्तावलेली. साताऱ्याच्या शनिवार पेठेतलं जुनं घर, डोक्यावर पत्रा, फोन टेबलावर निपचित पडलेला. नकाशावरचा निळा ठिपका मात्र शेजाऱ्यांच्या परसात डोकावून, गल्ली ओलांडून, परत येतोय.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "सॅटेलाइटला नीट कळत नसेल आपण कुठाय ते." इथेच डोकं फिरतं. जीपीएसच्या सॅटेलाइटला काहीच कळत नसतं. तो 20,200 किलोमीटर वरून एकच धोशा लावून बसलेला असतो: मी अमुक, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले, माझी कक्षा ही अशी. फोन त्याला काही विचारत नाही, सांगतही नाही. नुसता ऐकतो. हिशेब सगळा आपल्या खिशात होतो.

हिशेबही ओळखीचा. वीज चमकली की गडगडाटापर्यंत आकडे मोजायचे, तीनाने भागायचं. तितके किलोमीटर वीज लांब. अडचण एवढीच, की उपग्रह बोलायला लागतो तेव्हा आधी काही चमकत नाही. मोजायला कधी सुरुवात करायची, हे घड्याळावरूनच ठरवावं लागतं.

समजा, अजिंक्यतारा, यवतेश्वर आणि जरंडेश्वर, तिन्हीकडे बाराच्या ठोक्याला एकेक नगारा वाजतो. प्रत्येकाचा ठेका वेगळा, आणि तिन्ही पेठेत ऐकू येतात असं धरू. अजिंक्यताऱ्याचा आवाज पाच सेकंदांनी आला, तर आपण तिथून 1700 मीटरवर. नकाशावर कंपासने तेवढं वर्तुळ काढायचं, मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. तिन्ही छेदतात तिथे आपण.

पण मनगटावरचं घड्याळ एक सेकंद पुढे असेल तर? तिन्ही वर्तुळं 340 मीटरने फुगतात आणि एका बिंदूत मिळायच्या ऐवजी मधे एक छोटा तिकोना उरतो. चूक तिघांत सारखीच आहे, म्हणून तीच सोडवते. तिन्ही वर्तुळं एकाच मापाने आवळत जायची. तिकोना मिटला की जागा सापडली, आणि जितकं आवळावं लागलं त्यावरून घड्याळ किती पुढे होतं तेही कळलं. सपाट कागदावर तिसरा नगारा खरं तर घड्याळासाठी असतो. आभाळात उंचीही काढायची असते, म्हणून चौथा लागतो. "तीन उपग्रह पुरतात" म्हणणारे घड्याळाला विसरतात. वर अणुघड्याळं, खाली फोनात स्वस्तातला क्वार्ट्झचा तुकडा. आणि इथे एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर 300 मीटरने चुकतं.

याच नियमाने आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची ती लाडकी गोष्टही जरा जपून सांगायला हवी. वरची घड्याळं दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून ती जमिनीवरच मुद्दाम किंचित मंद लावून पाठवतात, हे खरं. पण "नाहीतर ठिपका रोज अकरा किलोमीटर सरकला असता" हे तितकंसं खरं नाही. सगळीच सारखी पळाली, तर बरीचशी चूक आपल्या घड्याळाच्या खात्यावर जमा झाली असती.

असो. पत्र्याखाली काय होतं ते बघू. खाली पोचेपर्यंत संदेशाची ताकद वॅटच्या कोट्यंशाचा कोट्यंश, त्याचाही शंभरावा भाग, इतकी उरते. तो गोंगाटाखाली गाडलेलाच असतो. सापडतो, कारण प्रत्येक उपग्रह 1023 ठोक्यांची ठरलेली ओळ दर मिलिसेकंदाला घोकतो आणि फोनला ती आधीच पाठ असते. पाठ केलेली ओळ मागेपुढे सरकवत तो ऐकू येणाऱ्या ओळीशी जुळवतो. किती सरकवली, त्यावरून वेळ निघते. पत्रा समोरचा रस्ता अडवतो. मग जे येतं ते समोरच्या भिंतीवर आपटून, खिडकीतून, जरा उशिरा. उशीर म्हणजे जास्त अंतर, आणि इथे प्रत्येकाची चूक वेगळी, त्यामुळे आवळून काही मिटत नाही. उपग्रह सरकतात तसा पडसाद बदलतो आणि ठिपका फिरायला निघतो.

यवतेश्वरच्या घाटातही तेच. अर्धं आभाळ डोंगराने खाल्लेलं, उरलेले उपग्रह एकाच अंगाला. वर्तुळं एकमेकांना इतकी तिरकी घासून जातात, की नेमकी कुठे छेदली ते सांगणं कठीण.

कासला रेंज गेली, की "जीपीएस गेलं" अशी हाकाटी होते. गेलेलं नसतं. उपग्रहाची कक्षा एरवी मोबाइलचं नेटवर्क चटकन पुरवतं. ते नसलं की ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, सेकंदाला 50 बिट अशा बैलगाडीच्या चालीने. ती दर 30 सेकंदांनी पुन्हा येते. मधेच झाडाखाली गेलात तर पुढच्या फेरीची वाट बघा. उघड्यावर मिनिटभर गप्प उभं राहायचं, एवढंच. तेवढंच कुणाला जमत नाही.

सज्जनगडावर उंची साठ-सत्तर मीटर कमी दिसली, तर गड खचलेला नाही. काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासून मोजतच नाहीत. पृथ्वीचा जो गुळगुळीत, गणिती आकार धरलाय, त्यापासून मोजतात. आणि आपल्याकडची समुद्रसपाटी त्या आकाराच्या तेवढीच खाली बसते.

टेबलावरचा फोन खिडकीपाशी नेला की ठिपका हळूहळू घरी येतो. कधीकधी येतही नाही, शेजाऱ्यांच्याच परसात बसून राहतो. चहाची वेळ झालेली असते, बसू दे.