उल्हासची दोन तोंडं: ऐरोली ते घोडबंदर, एका दिवसात

कळव्याच्या पुलावरून रोज जाणारे आम्ही खालच्या पाण्याला नुसतं ‘खाडी’ म्हणतो. त्यात उल्हास नदीचाही वाटा आहे, हे शाळेत शिकलो आणि विसरलो. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याच्या वर येते आणि तिथे फुटते. मोठा ओघ घोडबंदरवरून पश्चिमेला वसईकडे, तर बारीक फाटा मुंब्रा-कळव्यावरून दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत. या दोन पाण्यांमुळेच साष्टी हे बेट. म्हणजे ठाणेकर बेटावर राहतात, कळवेकर नाहीत! १८५३ साली रेल्वेही ठाण्यापाशीच थांबली होती. खाडी ओलांडून कल्याण गाठायला १८५४ उजाडलं.

गेल्या रविवारी दोन्ही तोंडं बघायला निघालो आणि पहिल्याच ठिकाणी फसलो. फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या जेट्टीवर अकराला हजर, तर समोर नुसता चिखल. पाणी नाही तर बोट कुठली? मासळी निवडत बसलेल्या एक मावशी हसल्या, “आज अष्टमी ना? तिथीची पाऊणपट कर.” आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, एवढं धरून चालायचं. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी; उधाण, म्हणजे मोठी भरती, पुनवेला नि अवसेला. हे गणित पाठ करा, पण बोटीचं बुकिंग आणि वेळ आधी विचारूनच निघा. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे. दुर्बीण न्या.

ठाण्याचा किल्ला आता कारागृह आहे, बाहेरूनच नमस्कार. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. घोडबंदरचा किल्लाही त्याच मोहिमेतला, आणि हा मात्र आत जाऊन बघता येतो. ठाणे स्टेशनहून बस मिळते, घोडबंदर गावाशी उतरायचं. रस्त्यावरच्या कोंडीला मी काही बोलत नाही, सकाळी सातच्या आत निघा म्हणजे झालं. आम्ही उलटं केलं, दीड तास गाडीतच गेला.

पण वर बुरुजावर गेलो आणि राग उतरला. कळव्याला गटारासारखी वाटणारी नदी इथे चांगली ऐसपैस, पलीकडे डोंगर. इथे घोडे उतरायचे, म्हणून घोडबंदर. सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी सोबत ठेवा, आणि पावसाळ्यात चढताना शेवाळ सांभाळा.

पुढच्या वेळी पौर्णिमेला. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.