नील बेटावरचा आळशी दिवस आणि आईचं पाऊणपटीचं गणित

अंदमानला जाऊन आलो त्याला महिना झाला, सगळे विचारतात स्कूबा केलं का, जेल बघितलं का, तर हो दोन्ही केलं पण मला लिहायचंय ते नील बेटावरच्या एका दिवसाबद्दल, ज्या दिवशी आम्ही खरं तर काहीच केलं नाही.

म्हणजे कागदोपत्री ते आता शहीद द्वीप. २०१८ च्या ३० डिसेंबरला नाव बदललं, कारण बरोबर ७५ वर्षांपूर्वी, १९४३ च्या ३० डिसेंबरला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता आणि अंदमानला शहीद, निकोबारला स्वराज अशी नावं दिली होती. (हॅवलॉक आता स्वराज द्वीप.) बरं झालं बदललं, नील आणि हॅवलॉक हे दोघंही १८५७ चा उठाव चिरडणारे इंग्रज अधिकारी. पण जेट्टीपासून हॉटेलपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी नीलच, त्यामुळे मीही तेच लिहितेय.

आम्ही तिघं. मी, नवरा आणि माझी आई. आई हर्णैची, त्यामुळे समुद्र तिला दाखवायची गरज नाही, ती समुद्राला दाखवते. आदल्या रात्री हॉटेलच्या पोराने सांगितलं की नॅचरल ब्रिज (किनाऱ्यावरची खडकाची नैसर्गिक कमान) बघायचा तर सकाळी सहाला पोचा, तेव्हा पूर्ण ओहोटी असते. आई लगेच म्हणाली, "काहीतरीच काय, उद्या तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. भरती सव्वादोनला, ओहोटी आठला. सहाला जाऊन काय करणार?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि हर्णै बंदरात हे गणित आईने लहानपणापासून वापरलंय. नवऱ्याने फोनवर टाइड टेबल उघडायचा प्रयत्न केला पण नेटवर्क, जाऊदे. शेवटी मी पोराचं ऐकलं, कारण इथे पावणेसहाला उजाडतं आणि तसंही झोप लागत नाही.

दोन स्कूटर भाड्याने घेतल्या होत्या, माझ्यामागे आई आणि नवऱ्याच्या स्कूटरवर सगळ्या पिशव्या (जावई असल्याचे फायदे). बेट एवढंसं आहे की या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला अर्धा तासही लागत नाही. आणि किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, गाव रामनगर, अख्खं रामायण! साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं. त्या नॅचरल ब्रिजलाही ते हावडा ब्रिज म्हणतात, कोलकात्याच्या आठवणीने म्हणे.

पोचलो तर पाणी पार आत गेलेलं, खडक उघडे. आई गप्प. तिथे उघडे प्रवाळ इतके धारदार असतात की चपलेशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि खड्ड्याखड्ड्यांत साचलेल्या पाण्यात अक्षरशः दुनिया भरलेली. समुद्रकाकडी बघितली, काळी लिबलिबीत, दुधीभोपळा भिजत टाकल्यासारखी. एका खडकात रुतलेली मोठी शिंपली, तिची कड निळीजांभळी, सावली पडली की झटकन मिटायची आणि मग हळूच परत उघडायची. आई तिच्यापुढे पंधरा मिनिटं उकिडवी बसली होती, हात पुढे, हात मागे, शिंपली बंद, शिंपली चालू. ब्रिजकडे तिने मान वर करून एकदा बघितलं, "छान आहे" म्हणाली आणि परत शिंपली. मला विचाराल तर ब्रिजपेक्षा तेच भारी होतं. सात वाजून गेले तसं पाणी चढायला लागलं आणि गाइड लोक चला चला करायला लागले.

परत येताना स्कूटर थांबवायला लागली कारण आईला वाडी दिसली. अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून नीलची ओळख आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूला केळी, सुपारी, वांगी, भोपळे. एका घराच्या कुंपणावर वेल चढलेला, जाड गुळगुळीत पानं. आई म्हणाली मायाळू. आतून आलेल्या काकू म्हणाल्या पुई शाक. मग जे सुरू झालं ते मी सांगू शकत नाही, आई मराठीत, काकू बंगालीत, हिंदी दोघींचीही नावापुरती. काकूंनी बोटं वाकवून कोळंबी दाखवली, म्हणजे त्या चिंगडी घालून करतात, आईने हवेत तेलाची कढई धरून भजी तळून दाखवली. वीस मिनिटांनी जुडी मिळाली, पैसे घ्यायला तयार नाहीत, आता हॉटेलात राहून मायाळूचं करायचं काय? हॉटेलच्या स्वयंपाक्याला देऊन टाकली, त्याने दुपारी भोपळा घालून भाजी करून वाढली, एक नंबर.

मधले तास असेच. भरतपूरला, जेट्टीच्या बाजूलाच, पाण्यात बसलो. काचेच्या तळाच्या होडीत नवरा एकटा गेला, आम्ही शहाळी प्यायलो. बाराच्या सुमारास पाणी पार वरपर्यंत आलेलं, आईने घड्याळ बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "हं. पाऊणपट आणि त्यातून दोन वजा." हर्णैचं गणित तिने अर्ध्या दिवसात अंदमानसाठी दुरुस्त करून टाकलं. हॉटेलच्या पोराला कौतुकाने सांगितलं पण, उद्या चतुर्थी, चार पाऊणे तीन, वजा दोन, म्हणजे भरती एकला, ओहोटी सातला. तो म्हणाला हो आंटी, सातलाच. काय तो चेहरा तिचा!

जेवून तीन वाजेपर्यंत झोप. सूर्यास्तासाठी साडेचारला लक्ष्मणपूरला, कारण इथे सव्वापाचला सूर्य गुल. घड्याळ मुंबईचं पण सूर्य कितीतरी पूर्वेचा. आईने पदरात शंखशिंपले गोळा केले होते ते तिथेच परत ठेवायला लावले, इथून शंख-प्रवाळ न्यायला बंदी आहे आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात. जरा कुरकुरली, एक फुटका शंख अर्धा तास हातातच होता.

रात्री हॉटेलच्या अंगणात बसलो होतो, साडेसातच्या आसपास चंद्र वर आला आणि आई एकदम दचकली. उद्या संकष्टी ना! कालनिर्णयमध्ये मुंबईचा चंद्रोदय नऊच्या पुढचा, मग इथे उपास कधी सोडायचा? नवरा म्हणाला, "आई, चंद्र दिसला की सोडा, तास-दीड तास वाचला." तिला हे फसवणुकीसारखं वाटत होतं. दोन मिनिटं चंद्राकडे बघितलं, मग वेटरला हाक मारली आणि सुरमईचा अजून एक तुकडा मागवला, उद्या खायची नाही म्हणून.