टाकीत पेट्रोल आहे, मग इंजिन का बंद पडलं?

छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं की आपल्याला वाटतं आत काहीतरी तुटलं असणार. पण कितीतरी वेळा इंजिन ठणठणीत असतं, फक्त त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचलेलं नसतं. कधी टाकी खरंच रिकामी, आणि कधी (याची मला जास्त चीड येते) एका पंखात भरपूर पेट्रोल पण सिलेक्टर (कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी खटकी) दुसऱ्या, रिकाम्या टाकीवर! सेसना १७२ या छोट्या विमानात 'बोथ' असतं, दोन्हीकडून एकदम येतं, पायपर चेरोकीत लेफ्ट नाहीतर राइट, पायलटनेच आठवणीने बदलायचं.

गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात असाच गेला. त्याच्या लाँग-ईझी विमानात सिलेक्टर चक्क डाव्या खांद्याच्या मागे होता, तपासात निघालं की तो फिरवायला वळताना उजवा रडर (शेपटीची सुकाणू फिरवणारं पायातलं पेडल) नकळत दाबला गेला आणि विमान हातातून गेलं. निघताना पेट्रोल भरलं नव्हतं तेही कारणांत होतंच.

पेट्रोलच्या काट्यावर तर माझा काडीचा विश्वास नाही. उडण्याआधी टाकीत डिपस्टिक घालून बघायचं आणि मग हिशोब तासांत करायचा, लिटरमध्ये नाही. १७२एस (१७२ चंच एक मॉडेल) मध्ये वापरता येण्यासारखं साधारण २०० लिटर, तासाला समजा ३५ जातं, म्हणजे साडेपाच तास, वा! पण चढताना जास्त पितं, मिक्श्चर लीन केलं नाही (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी केलं नाही) तर अजून जास्त, आणि वर समोरून वारा. ११० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) २२० नॉटिकल मैल दोन तासांत होतात, समोरून २० नॉटचा वारा लागला की जवळजवळ अडीच तास. अमेरिकेत नुसत्या नजरेने उडताना दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचं पेट्रोल शिल्लक ठेवायचा नियम आहे, तो किमान आहे हो, टार्गेट नाही. मी तर तासभराचं धरते.

आणि तरीही बंद पडलंच तर आधी विमानाचं नाक सांभाळायचं, १७२एस ला ६८ नॉटचा ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगत उतरायचा वेग), मग उतरायला शेत बघून त्या दिशेने वळायचं, आणि मगच टाकी बदल, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), पेट्रोलचा पंप ऑन, जुन्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा) पण. हजार फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल मिळतात, त्यामुळे लांबच्या रनवेचा नाद सोडायचा.