तुम्ही विचारलंत म्हणून : काटेरी झुडपाचा फोटो गिचमिड का येतो?

वाळवंटात चालणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो: समोर झुडूप उभं असतं तेव्हा त्याचा एकेक काटा मोजता येतो, उन्हात चमकतो, आणि फोटोत मात्र राखाडी काड्यांचं जाळं उरतं. कॅमेरा बदलू का, अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स घेऊ का, असं त्याला जोडूनच विचारलं जातं.

लेन्स घ्यायची तर खुशाल घ्या, पण या दुखण्यावर ते औषध नाही. दोन डोळ्यांनी पाहताना पुढची फांदी कुठली आणि मागची कुठली हे आपोआप कळतं. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्यामुळे सगळ्या फांद्या एकाच पातळीवर येऊन बसतात. बहुतेक काटेरी झुडपांना पानं नसतात किंवा नखाएवढी असतात, म्हणजे मागचं काही झाकलंही जात नाही. पुढच्या काट्यामागे दुसरा काटा, त्यामागे तिसरा, आणि सगळ्यांमागे त्याच रंगाची खडी. फोटोत काटा दिसायला हवा असेल तर त्याच्यामागे त्याच्याहून वेगळ्या उजेडाचं, साधं, दूरचं काहीतरी असायला हवं. बाकीचं सगळं त्यानंतर.

म्हणून कॅमेरा बाहेर काढण्याआधी झुडपाला एक पूर्ण फेरी मारा. फेरीत दोन गोष्टी शोधायच्या: गर्दीतून सुटून बाहेर आलेली एखादी फांदी, आणि तिच्यामागे मोकळी जागा. फांदी कॅमेऱ्यापासून १ मीटरवर असेल तर मागची पहिली वस्तू निदान ५ मीटर लांब असू द्या. खाली बसलात तर मागे आकाश येतं, चढावर उभे राहिलात तर मागे सपाट वाळू येते. पायवाट चढउताराची असेल तर ही निवड फुकटात मिळते, दहा पावलं वर किंवा खाली गेलं की झालं. अख्खं झुडूप एका चौकटीत कोंबण्याचा मोह मात्र आवरा. अख्खं झुडूप एकटं, उघड्यावर, क्षितिजासमोर उभं असेल तरच चांगलं दिसतं.

आकाशाबद्दल एक सावधगिरी. निळं आकाश चालतं. ढगाळ पांढरं आकाश बारीक काटे खाऊन टाकतं, कारण कडेने सांडणाऱ्या उजेडात एक मिलिमीटरची रेघ विरून जाते. अशा दिवशी कॅमेरा वर धरून वाळूकडे पाहणं बरं.

आता उजेड. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा, हा जुना सल्ला इथे विसरायचा. समोरून सपाट ऊन पडलं की काट्याची सावली काट्यामागेच लपते आणि आकार जातो. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास सूर्य झुडपाच्या मागे, चौकटीच्या जरा बाहेर येईल असे उभे राहा. सूर्याकडे तोंड केलं की समोरच्या टेकडीची आपल्याकडची बाजू सावलीत असते. ती काळपट पार्श्वभूमी आणि तिच्यापुढे उजळलेले काटे, यासारखी सोय दुसरी नाही.

पण सगळेच काटे मागच्या उजेडात पेटत नाहीत, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातल्या टेडी बेअर चोया या निवडुंगाच्या काट्यांवर कागदासारखं पातळ आवरण असतं. उजेड त्यातून आरपार जातो, म्हणून ते झुडूप संध्याकाळी दिव्यासारखं दिसतं. बाभळीच्या जातीतले लांब पांढरे काटेही कडेने छान उजळतात. उलट जाड, तपकिरी, लाकडी काटा अपारदर्शक असतो. त्याला मागून उजेड दिला तर नुसती काळी आकृती मिळते. त्याच्यासाठी उजेड बाजूने घ्या आणि मागे फिकी वाळू ठेवा. थोडक्यात, फिक्या काट्यामागे काळोखी, काळ्या काट्यामागे फिकं.

एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचा, हिशेब यातूनच येतो. चौकटीत काळी पार्श्वभूमी जास्त असेल तर कॅमेरा तिला उजळवायला जातो आणि पांढरे काटे जळून जातात, म्हणजे नुसते पांढरे डाग उरतात. कॅमेऱ्यातलं उजेड कमी-जास्त करण्याचं माप (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) मायनस ०.७ पासून मायनस १.३ पर्यंत उतरवा. फिकी वाळू जास्त असेल तर उलट होतं, प्लस ०.७ च्या आसपास जा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळोख-उजेडाचा आलेख (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं), पाहा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. काट्यांनी व्यापलेली जागा इतकी कमी असते की ते जळले तरी उजव्या टोकाला जेमतेम बारीक रेघ उठते. जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना कॅमेऱ्यात असते, ती चालू ठेवा. आणि सूर्य लेन्सच्या काचेवर येत असेल तर टोपी काढून लेन्सवर सावली धरा. लेन्सच्या तोंडावर सावलीसाठी लावायचं हूड असलं तरी सूर्य इतका तिरपा असताना ते पुरत नाही.

लेन्सचं म्हणाल तर चालताना एकच न्यायची झाली तर माझं मत ७०–२०० किंवा १००–४०० मिलिमीटरच्या, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सच्या बाजूने आहे. लांब लेन्स मागचा थोडाच भाग चौकटीत घेते, त्यामुळे अर्धं पाऊल सरकलं की नकोशी फांदी बाहेर जाते. शिवाय काट्यांपासून हातभर लांब राहता येतं, हा फायदा कपड्यांनाही कळतो. वाइड लेन्स फक्त झुडूप आणि त्याचा मुलूख एकत्र दाखवायचा असेल तेव्हा.

जवळून काढताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो फोकसच्या खोलीचा. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, एफ ८ ला (हे अॅपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), वस्तूची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराच्या एक दशांश असेल तर साधारण ५ सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. पाव आकाराला ती १ सेंटीमीटरवर येते, अर्ध्या आकाराला ३ मिलिमीटरवर, आणि पूर्ण आकाराला जेमतेम १ मिलिमीटर उरते. काटा तीन सेंटीमीटरचा आणि नेमका तुमच्याकडे टोक करून उभा असेल तर तो पूर्ण स्पष्ट येणं शक्यच नाही. अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत बंद करून फारसं हाती लागत नाही, एफ १६ च्या पुढे सगळंच मऊ पडायला लागतं. त्यापेक्षा कॅमेऱ्याची पाठ फांदीला समांतर धरा, म्हणजे फांदी आणि तिच्यावरचे आडवे काटे एकाच पातळीत येतील. एफ ८ ते एफ ११ पुरतं. एकच काटा घ्यायचा असेल तर टोकावर फोकस करा. बूड धूसर असलं तर डोळा माफ करतो, टोक धूसर असलं तर नाही.

ऑटोफोकस फांद्यांच्या फटीतून मागच्या टेकडीवर जाऊन बसतो. सर्वांत लहान एकच बिंदू निवडा, तरीही ऐकत नसेल तर मॅन्युअलवर जा, स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि स्वतः पुढेमागे झुला. फोकस बदलत अनेक फोटो काढून ते जोडण्याची युक्ती इथे जपून वापरा. एकमेकांना छेदणाऱ्या काट्यांच्या कडेला सॉफ्टवेअर धुरकट वलयं सोडतं, आणि दोन फोटोंमध्ये फांदी हलली की एका काट्याचे दोन होतात.

फांदी हलतेच. जमीन तापली की वारा सुटतो, म्हणून जवळचे फोटो सकाळीच उरकलेले बरे. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० पर्यंत गेला तरी काही बिघडत नाही. दोन झुळकांच्या मधल्या क्षणी पाच-सहा फोटोंचा झपाटा मारा आणि त्यातला एक ठेवा. दुपारी लांब लेन्सने दूरचं झुडूप टिपलं आणि ते लोण्यासारखं मऊ आलं, तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, त्याला उपाय नाही. जवळ जा, नाहीतर सोडून द्या.

फोन वापरणाऱ्यांसाठी तीन सूचना पुरेत. मुख्य लेन्सने जवळ घुसण्याऐवजी दुपटीची किंवा तिपटीची लेन्स निवडून मागे राहा. पोर्ट्रेट मोड बंद करा, तो पार्श्वभूमी धूसर करताना अर्धे काटेही पुसून टाकतो. आणि जवळ गेल्यावर फोन गुपचूप वाइड लेन्सवर जात असेल तर ती सोय सेटिंगमधून थांबवा.

काटा झाडावर कुठून निघतो हे माहीत असलं की चौकट ठरवणं सोपं जातं. थारमध्ये आढळणाऱ्या रानबोरीला पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते, त्यातला एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. ही जोडी बाजूने घेतली नाही तर दोन्ही सारखेच दिसतात. त्याच मुलखातला केर, म्हणजे नेपती, जवळजवळ निष्पर्ण असतो. त्याच्या हिरव्या फांद्याच पानांचं काम करतात, आणि विटकरी-लाल फुलं आली की हिरव्यावर लाल असा रंगांचा मेळ आयता मिळतो. जवासा या काटेरी झुडपाचे काटे म्हणजे आखूड, टोकदार फांद्याच, आणि फुलं चक्क त्या काट्यांवर येतात. म्हणून तिथे काटा आणि फूल वेगवेगळं टिपण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या ओकोटिओ या काटेरी झुडपाला पाऊस पडला की काही दिवसांत पानं फुटतात आणि माती कोरडी पडली की गळतात. नव्या कांडीवर पान गळताना देठाचा कडक भाग मागे राहतो, तोच काटा. पाऊस झाल्यावर आठवड्याभराने त्याच झुडपाकडे गेलात तर वेगळंच झाड समोर असल्यासारखं वाटेल. आणि काट्यावर टोचून ठेवलेला टोळ किंवा सरडा दिसला तर ते खाटीक पक्ष्याचं काम. तो आपलं भक्ष्य असंच टोचून ठेवतो. फोटो काढा आणि लगेच बाजूला व्हा, पक्षी परत येणार असतो.

घरटं दिसलं तर जवळ जाऊच नका. फांदी बांधणं, वाकवणं, नकोशी काडी मोडणं हेही नको. ती काडी चौकटीबाहेर जाईल अशी जागा दोन पावलांवर असतेच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारासारख्या भागात वाळूवर काळी, खडबडीत साय दिसते. ती जिवंत असते, आणि पाय पडला तर भरून यायला वर्षानुवर्षं जातात. खडकावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून फिरा.

गुडघा टेकण्याआधी जमीन पाहा. गळलेले काटे टोक वर करून पडलेले असतात, आणि झुडपाच्या बुडाशी असलेल्या सावलीत साप-विंचवांचा मुक्काम असू शकतो. जाड फोमचा वीतभर रुंद तुकडा आणि चिमटा पिशवीत असू द्या. पिशवी झुडपाला टेकवून ठेवू नका. आकड्यासारख्या वाकलेल्या काट्यात बाही अडकली की ओढायचं नाही. ज्या दिशेने आत गेलात त्याच दिशेने मागे सरकायचं, काटा आपोआप सुटतो. चोयाचा तुटका गोळा अंगाला चिकटला तर हाताने धरू नका, तो हातालाही चिकटेल. रुंद दातांचा कंगवा त्याच्या आणि कातडीच्या मध्ये घालून उडवा, मग उरलेले काटे चिमट्याने काढा. सांध्याजवळ काटा आत मोडून सूज आली तर डॉक्टरांना दाखवायचं, घरी कोरत बसायचं नाही. लेन्स उघड्यावर बदलू नका, आणि काचेवर धूळ बसली तर पुसण्याआधी फुंकणीने उडवा, वाळूचा कण पुसला की ओरखडा उठतो.

शेवटी, याच फोटोंवरून ‘हे झुडूप कोणतं?’ असंही विचारलं जातं, आणि एका सुंदर फोटोवरून ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. ओळख पटवायची असेल तर चार फोटो लागतात: अख्खं झुडूप, सोबत मापासाठी काठी; फांदीचा हातभर तुकडा, ज्यात काटे जोडीने आहेत की एकेकटे ते कळेल; पान आणि काटा एकमेकांना कुठे भेटतात तो सांधा, शेजारी पट्टी धरून; आणि फूल किंवा शेंग. झाडावर शेंग नसेल तर बुडाशी गळलेली सापडते. तिचा फोटो तिथेच काढा आणि ती तिथेच राहू द्या, राष्ट्रीय उद्यानांत तर ती उचलायला बंदीच असते.