तडा जातो

दुपारी गाडीत बसलो आणि किल्ली फिरवायच्या आधी सवयीने समोरच्या काचेवरच्या टिकलीकडे बघितलं. तडा टिकली ओलांडून चांगला बोटभर पुढे गेला होता. काल रात्री गाडी लावली तेव्हा तो टिकलीला टेकून उभा होता, हे मी शपथेवर सांगतो.

टिकली अर्थात हिची. आधी मी तड्याच्या टोकाशी पेनाने खूण करून बघितली, पण काचेवर पेन धड उठत नाही. मग हिच्या पाकिटातली एक मरून टिकली आतून चिकटवली. तडा पुढे सरकला की नवी टिकली. अशा चार झाल्या. "माप घेतोयस की गाडीचं हळदीकुंकू करतोयस?" असं ही विचारून चुकली आहे.

खडा लागला तो शिरवळच्या पुढे, खंबाटकी घाटाच्या अलीकडे. पुढे खडीने शिगोशीग भरलेला डंपर, वर ताडपत्रीचा पत्ता नाही आणि मागे लिहिलेलं, 'नाद करायचा नाय'. मी कसलाच नाद केला नव्हता. तरी टक्कन आवाज झाला आणि माझ्या नाकासमोर तांदळाएवढा टवका उडाला. काचवाला नंतर म्हणाला, "त्याच आठवड्यात आला असतात तर केमिकल भरून दिलं असतं, पाच-सातशेत काम होतं." पण त्या आठवड्यात मी टवका न बघण्यात गुंतलो होतो. पुढे मे महिन्यातल्या एका दुपारी तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला आणि टवक्याला पाय फुटले.

मराठीत खड्डा पडतो, भेग पडते, चीर पडते, भोकसुद्धा पडतं. तडा मात्र जातो. हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने बसून बघितलं असणार. चार टिकल्या लावल्यावर माझीही खात्री पटली की हा कुठेतरी निघालेला आहे आणि वाटेत मुक्काम करतोय.

"विम्यातून करून घे ना," सगळे म्हणाले. इथे माझा एक खाजगी आजार आहे. पाच वर्षं क्लेम न केल्याने माझा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 50 टक्क्यांवर पोचलाय आणि शाळेतल्या शंभर टक्के हजेरीसारखा मी तो जपतो. एका रविवारी कागद घेऊन बसलो. काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लागत नाही. तेव्हा नव्या काचेच्या 7,800 मधले आपण भरायचे सक्तीचे हजार सोडून 6,800 मिळणार. पण बोनस शून्यावर येणार आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत 50 वर जायला पाच वर्षं. तेवढ्या वर्षांत माझा हप्ता सगळा मिळून आठेक हजारांनी वाढत होता. म्हणजे खिशातून भरणंच शहाणपणाचं! एवढा आनंद झाला की आपण 7,800 रुपये घालवणार आहोत हे दोन दिवस विसरलो.

एवढा तडा जाऊनही काच अंगावर कशी येत नाही, तर ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. ही युक्ती बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच माणसाला 1903 साली सुचली म्हणतात. त्याच्या हातून काचेचा चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. कारण आत कसलंसं रसायन वाळून चिकटलं होतं, चंबू कोणी घासलाच नव्हता. आमच्या आजीच्या घरात हा शोध लागणं शक्य नव्हतं. तिच्याकडे न घासलेली वस्तू फळीवर चढायची नाही.

संध्याकाळी कंदिलाच्या काचा घासायचं काम माझं होतं. चुलीतली राख, फाटक्या धोतराची चिंधी आणि ओसरीची पायरी. मोठ्यांचा हात त्या काचेत जायचा नाही, माझा जायचा. आत मूठ फिरवली की काजळी निघायची आणि काचेतून आपलीच बोटं जाड जाड दिसायची. एकदा पेटत्या कंदिलावर माझ्या ओल्या हाताचा थेंब उडाला आणि काच तडकली. आजी रागावली नाही. तिने भाताची शितं लावून तड्यावर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टी उष्णतेने तपकिरी झाली, पण काच चालली. भिंतीवर त्या पट्टीची सावली पडायची आणि जेवताना ती नेमकी काकाच्या डोक्यावर असायची. मग एका मे महिन्यात गेलो तर हात काचेत जाईना. काम धाकट्याकडे गेलं. मला एवढं वाईट वाटलं होतं की मी त्याला राख कुठली घ्यायची ते मुद्दाम सांगितलं नाही.

असो. शेवटी काच बदलली. तार घालून जुना डिंक कापला, दोघांनी रबरी वाट्या लावून काच उचलली, टिकल्यांसकट भिंतीला टेकवली. फास्टॅग काढताना फाटला. आता नव्यासाठी बँकेच्या मागे लागणं आलं. मिस्त्रीने डॉक्टरसारखी पथ्यं सांगितली. चार तास गाडी हलवायची नाही, दोन दिवस धुवायची नाही, दार आपटायचं नाही, एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची.

मग एक पोरगा आत शिरला आणि नवी काच आतून पुसायला लागला. डॅशबोर्ड आणि काच मिळतात त्या चिंचोळ्या कोपऱ्यात माझा हात आजवर कधी पोचलेला नाही. त्याचा सहज गेला, अगदी टोकापर्यंत.

"कितवीत आहेस रे?"

"सातवीत होतो," तो म्हणाला आणि फडकं झटकून दुसऱ्या कोपऱ्याकडे वळला.

मी पैसे मोजायला घेतले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे भरले.