17 मतं आणि ‘मोस्ट’

मी नववीला इंग्रजी शिकवते. वर्गात मॉनिटरची निवडणूक झाली, 40 मुलं, तीन उमेदवार, चिठ्ठ्या मोजल्या तर 17, 13 आणि 10, 17 मतं मिळालेली मुलगी जिंकली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, चला याचीच इंग्रजीत बातमी लिहा, बातमीलेखनाचा सराव होईल. एका हुशार मुलीची बातमी चांगली जमली म्हणून फळ्यावर लिहायला लावली, पहिलंच वाक्य होतं, ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स व्होटेड फॉर हर.’

13 मतं मिळालेला मुलगा उभा राहिला. चेहरा लाल. म्हणाला, मॅडम हे खोटं आहे, 23 जणांनी तिला मत दिलेलंच नाही.

मी खरं तर स्पेलिंग बघत होते, वाक्य व्याकरणाने बरोबर होतं त्यामुळे मी ते पास केलं होतं. पण पोरगं बरोबर बोलत होतं. ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स’ म्हणजे बहुतेक मुलं, म्हणजे निम्म्याहून जास्त, 40 मध्ये निदान 21 तरी हवीत. 17 म्हणजे तिघांत सगळ्यात जास्त, त्याला ‘शी गॉट द मोस्ट व्होट्स’. ‘मोस्ट’च्या आधी ‘द’ आला की तुलना आली, आणि नुसतं ‘मोस्ट स्टुडंट्स’ म्हटलं की एकूणच बहुतेक विद्यार्थी, कुठल्या एका वर्गातले नाहीत.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, मराठीत ‘बहुतेक’ वेगळा आणि ‘सगळ्यात जास्त’ वेगळा, मग इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द कसा? इतकी वर्षं मी पेपरात ‘मोस्ट ऑफ स्टुडंट्स’, ‘ऑलमोस्ट स्टुडंट्स’ असं लाल पेनने खोडत आले, पण चुकीचं मूळ इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. त्यात आपला ‘बहुतेक’ आणखी एक काम करतो, बहुतेक पाऊस येईल म्हणतो तेव्हा तो ‘प्रॉबब्ली’ असतो, तिथे ‘मोस्ट’ चालतच नाही. सगळा तास मग यातच गेला, धडा राहिला, राहू दे.

त्या मुलीने स्वतःच वाक्य पुसलं आणि लिहिलं, ‘शी गॉट द मोस्ट व्होट्स, 17 आउट ऑफ 40.’ तो मुलगा खाली बसला, जरा वेळाने वही घेऊन माझ्याकडे आला. त्याने लिहिलं होतं, ‘मोस्ट ऑफ माय फ्रेंड्स व्होटेड फॉर मी.’ विचारत होता, मॅडम, ‘माय’ आहे ना, मग ‘द’ नको ना?

नको, म्हटलं. अगदी बरोबर आहे.